सीनियर डेझिग्नेशनचा अर्ज: मार्कांची बेरीज सोडा, कागद गोळा करा

उच्च न्यायालयाने ज्येष्ठ अधिवक्ता होण्यासाठी, म्हणजे सीनियर डेझिग्नेशनसाठी, अर्ज मागवले की बार रूममध्ये पहिली चर्चा मार्कांची सुरू होते. वर्षांचे किती, जजमेंटचे किती, मुलाखतीत किती पडतील. व्हॉट्सॲपवर शंभर गुणांचा तक्ता फिरायला लागतो आणि पंचवीस-पंचवीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले वकील दहावीच्या पोरांसारखी बेरीज करत बसतात. त्या तक्त्याची आता रद्दी झाली आहे.

थोडक्यात इतिहास. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी इंदिरा जयसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुणपद्धत आणली. मे २०२३ मध्ये त्यात फेरफार झाले. लेख-पुस्तकांचे गुण १५ वरून ५ वर आले, निकाल आणि मोफत कामाचे ४० वरून ५० झाले. म्हणजे फिरणाऱ्या तक्त्यांतही दोन आवृत्त्या आहेत आणि लोक त्यावरूनही वाद घालतात. पुढे १३ मे २०२५ रोजी ‘जितेंदर ऊर्फ कल्ला’ या निकालात न्यायालयाने गुणपद्धतच मोडीत काढली. आता पात्र ठरलेले सगळे अर्ज कागदपत्रांसह न्यायमूर्तींच्या पूर्ण बैठकीपुढे, म्हणजे फुल कोर्टापुढे जातात. एकमत व्हावं असा प्रयत्न होतो, नाही झालं तर मतदान. प्रत्येक उच्च न्यायालयाने त्यानुसार आपले नियम करावेत आणि वर्षातून निदान एकदा तरी ही प्रक्रिया राबवावी, असंही त्या निकालात आहे.

यातून अर्जदाराने एकच गोष्ट उचलायची. नोटिशीसोबत जो फॉर्म आणि जे नियम येतील तेवढेच खरे. मित्राने तीन वर्षांपूर्वी भरलेल्या फॉर्मची पीडीएफ वापरू नका. ती अजूनही वापरली जाते, आणि नको ते रकाने भरून हवे ते रिकामे ठेवलेला अर्ज छाननीतच बाजूला पडतो.

कोण अर्ज करू शकतं

कायदा सोपा आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम १६ सांगतं की क्षमता, वकिलीतलं स्थान, किंवा कायद्यातलं विशेष ज्ञान वा अनुभव पाहून सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय एखाद्या वकिलाला त्याच्या संमतीने ज्येष्ठ अधिवक्ता म्हणून नेमू शकतं. किमान १० वर्षांच्या वकिलीची अट २०२५ च्या निकालानेही कायम ठेवली. वयाची वगैरे आणखी काही अट आहे का, ते त्या-त्या न्यायालयाच्या नियमांतच बघावं लागतं.

‘स्वतः अर्ज करणं शोभतं का?’ असं विचारणारे जुन्या वळणाचे वकील अजून भेटतात. शोभतं. तुमचा अर्ज हीच तुमची संमती धरली जाते. विरळा योग्यतेच्या वकिलाला फुल कोर्ट अर्जाशिवायही हा मान देऊ शकतं, पण त्या आशेवर बसू नका. एकट्या न्यायमूर्तींनी नाव सुचवायची सोय मात्र राहिलेली नाही. तेव्हा ‘साहेब माझं नाव घालणार आहेत’ असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या, आणि शिफारशीसाठी चेंबरच्या दाराशी तर मुळीच जाऊ नका. याने नुकसानच होतं.

दहा वर्षं नेमकी कोणती

इथे बरेच जण अडकतात. सनदेवरची, म्हणजे वकिलीच्या परवान्यावरची तारीख आणि प्रत्यक्ष वकिलीची वर्षं या दोन गोष्टी आहेत. सनद घेतली, मग चार वर्षं एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात पगारावर काढली, तर ती चार वर्षं वकिलीत येत नाहीत. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवल्याचं बार कौन्सिलला कळवायचं असतं. अनेकांनी ते कळवलेलंच नसतं. मग सनदेवरून हिशेब बरोबर दिसतो आणि आयकर विवरणपत्र वेगळंच बोलतं. असं काही असेल तर स्वतःहून लिहा आणि तो काळ वगळून वर्षं दाखवा. वगळूनही दहा भरत असतील तर काही बिघडत नाही. लपवलेलं बाहेर आलं तर मात्र प्रश्न सचोटीचा होतो, आणि सचोटी हाच इथे पहिला निकष आहे.

दहा वर्षं कोणत्या तारखेला पूर्ण हवीत हेही नीट वाचा. जाहिरातीची तारीख, अर्जाची शेवटची तारीख, की नियमात दिलेली तिसरीच एखादी? ‘शेवटच्या तारखेपर्यंत भरतात की’ हे गृहीत धरून लोक अर्ज टाकतात. तसंच ऑनलाइन भरण्याची मुदत आणि छापील संच पोहोचण्याची मुदत वेगवेगळ्या असू शकतात. ‘पोहोचला पाहिजे’ असं लिहिलं असेल तर पोस्टाची पावती दाखवून उपयोग नाही.

महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडून नोंदणी आणि वकिली चालू असल्याचं प्रमाणपत्र नोटीस निघण्याआधीच मागवून ठेवा. दुसऱ्या राज्यातून सनद बदलून आणली असेल, लग्नानंतर नाव बदललं असेल, सनदेवर एक आद्याक्षर आणि आधारवर दुसरं असेल, तर तिप्पट आधी. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र हे पंधरा मिनिटांचं काम आहे, पण शेवटच्या दिवशी ते कुणालाच आठवत नाही.

तुम्ही काय केलं, हे दाखवणारा कागद

मुंबई उच्च न्यायालयाचं फुल कोर्ट म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथे बसणारे सगळे न्यायमूर्ती. सांगलीच्या वकिलाला नागपुरात बसणाऱ्या न्यायमूर्तींनी कधी पाहिलेलंही नसतं. त्यांच्यापुढे तुमची ओळख म्हणजे तुमची फाइल. आता ती फाइल कशी असते ते सांगतो. वर शाल-श्रीफळाचे फोटो, मग कुठल्याशा संस्थेने पैसे भरून घेऊन दिलेला ‘बेस्ट लॉयर’ पुरस्कार, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि शेवटी जमतील तेवढ्या निकालांची थप्पी. पुरस्कार विकणाऱ्यांचे ईमेल हल्ली लॉच्या विद्यार्थ्यांनाही येतात. त्या ट्रॉफ्या अर्जाला जोडू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करायची मुभा नाही, आणि वाचणाऱ्याला सगळं समजतं.

निकाल किती जोडले यापेक्षा त्यात तुमचं काय होतं हे महत्त्वाचं. मुख्य युक्तिवाद तुमचा होता की तुम्ही साहाय्याला होतात, हा फरक २०२३ च्या निकालानेही अधोरेखित केला होता. कायद्याचा मुद्दाच नसलेले, ‘नोटीस काढा, चार आठवडे’ छापाचे आदेश जोडून जाडी वाढते, बाकी काही नाही. गुण गेले तरी वाचणारी नजर तीच आहे. मी तर म्हणेन मोजके निकाल घ्या, प्रत्येकावर अर्ध्या पानाचं टिपण लावा. वाद काय, तुम्ही कुणातर्फे, तुमचा मुद्दा कोणता, आणि निकालाच्या कितव्या परिच्छेदात तो चर्चिला गेला. केस हरलात तरी चालेल. चांगला मुद्दा खोडून काढायला न्यायालयाला आठ पानं लागली असतील, तर तोही तुमच्या कामाचा पुरावाच आहे.

आता नावाची भानगड. उच्च न्यायालयाच्या निकालावर ‘अमुक, इन्स्ट्रक्टेड बाय तमुक’ असं छापलेलं असतं, म्हणजे युक्तिवाद अमुकचा, वकीलपत्र तमुकचं. युक्तिवाद तुम्ही केला आणि निकालावर नाव वकीलपत्रवाल्याचं एकट्याचंच आलं, असं सर्रास होतं. शिवाय आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, जाधव, देशमुख यांची कमतरता नाही. नुसतं ‘श्री. एस. बी. पाटील, अपीलकर्त्यातर्फे’ यावरून तुम्हीच ते पाटील हे कसं कळणार? अशा वेळी त्या तारखेचा हजेरी नोंदवलेला आदेश, तुमच्या सहीचं वकीलपत्र किंवा लेखी युक्तिवाद, यापैकी एक तरी जोडा. वकीलपत्रवाल्या वकिलाने दिलेलं पत्रही चालू शकतं, पण न्यायालयाच्या रेकॉर्डवरचा कागद केव्हाही वरचढ.

जिल्हा आणि तालुका न्यायालयात काम करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. डेझिग्नेशन ही उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्यांची मक्तेदारी नाही, सत्र आणि दिवाणी न्यायालयांत, न्यायाधिकरणांत काम करणाऱ्यांचाही विचार झाला पाहिजे आणि त्यासाठी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांचं मत घेता येईल, असं २०२५ च्या निकालात आहे. दार उघडलं, पण कागद मागितले की हेच वकील सगळ्यात कोरडे. सत्र खटल्यात वीस साक्षीदारांच्या उलटतपासण्या ज्याने एकहाती घेतल्या, त्याचं नाव एकाही लॉ रिपोर्टरमध्ये, म्हणजे छापील निकालसंग्रहात, नसतं. रिपोर्टरमध्ये अपील छापून येतं, आणि अपिलात उभा राहिलेला वकील दुसराच असतो.

यावर उपाय आहे, फक्त वेळ लागतो. अलीकडच्या प्रकरणांचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकून मिळतात. त्याआधीच्यांसाठी नकलेचा अर्ज करावा लागतो, आणि जुनं रेकॉर्ड ठरावीक मुदतीनंतर नष्टही केलं जातं, तेव्हा नक्कल विभागात आधी चौकशी करा. निकालाच्या शीर्षकाखाली ‘वादीतर्फे ॲड. अमुक’ अशी ओळ असते. ती चुकली असेल किंवा सुटली असेल तर रोजनाम्याची, म्हणजे त्या प्रकरणात रोज काय झालं त्याच्या नोंदवहीची, नक्कल घ्या. कोणत्या दिवशी कुणी उलटतपासणी घेतली हे रोजनामा आणि साक्षीच्या कागदावरून दिसतं. एखादी चांगली उलटतपासणी निशाणी (एक्झिबिट) क्रमांकासह जोडून, तिच्यावर निकालात कुठे भिस्त ठेवली आहे ते दाखवा. निकाल मराठीत असेल तर इंग्रजी गोषवारा सोबत द्या, सगळ्याच न्यायमूर्तींना मराठी येत असेल असं नाही. लेखी युक्तिवाद जोडताना दाखल झाल्याचा शिक्का असलेली प्रतच घ्या. संगणकातल्या मसुद्याला कुणी विचारत नाही.

मोफत कामाचा पुरावा

‘साहेब, आयुष्यभर गरिबांच्या केसेस फुकट लढलो.’ खरं असेलही. पण कागद? ज्याने फी घेतली नाही त्याने पावती फाडली नाही, आणि पक्षकार आता कुठे आहे ते माहीत नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर असाल तर नुसतं नेमणूकपत्र जोडून थांबू नका. जिल्हा प्राधिकरणाकडून किंवा तालुका समितीकडून प्रकरण क्रमांकांसह यादी आणि त्यावर सही-शिक्का मागा. त्या कार्यालयात माणसं कमी आणि काम फार, त्यामुळे क्रमांक तुम्हीच टाइप करून न्या, तपासून सही करणं त्यांना सोपं जातं. न्यायालयाने न्यायमित्र (न्यायालयाच्या मदतीसाठी नेमलेला वकील) नेमलं असेल तर तो आदेश सोन्यासारखा, जपून ठेवा. लोकअदालतीच्या पॅनलवर बसल्याचं प्रमाणपत्र मात्र मोफत चालवलेल्या केसचा पुरावा होत नाही. ते वेगळं दाखवा.

तक्रारी आणि हरकती

अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तुमच्याविरुद्ध तक्रार असेल, अवमानाची नोटीस किंवा गुन्हा असेल, तर रकान्यात लिहा. खोटी तक्रार असली तरी लिहा, आणि सध्या ती कोणत्या टप्प्यावर आहे त्याचा कागद जोडा. हरलेला पक्षकार चिडून तक्रार करतो हे न्यायमूर्तींना ठाऊक असतं. रकान्यात ‘निरंक’ लिहून नंतर तीच तक्रार कुणीतरी पाठवली, की खुलासा करायला जागा उरत नाही. आणि पाठवणारे असतातच. अर्जदारांची नावं संकेतस्थळावर टाकून मतं मागवायची रीत २०१७ पासूनची आहे. नाव झळकल्यावर कुणी हरकत घेतली म्हणून हबकून जाऊ नका.

नाव आलं नाही तर २०१७ च्या निकालानुसार दोन वर्षांनी फेरविचार होऊ शकतो. नव्या नियमांत ही मुदत काय ठेवली आहे ते पाहूनच पुढचा अर्ज करा, आणि तीच फाइल तारीख बदलून देऊ नका.

नाव आलं तर

हे अर्ज करण्याआधीच घरी आणि ऑफिसात बोलून घ्यायचं असतं, आणि जिल्ह्यातल्या वकिलांनी तर हटकून. ज्येष्ठ अधिवक्त्याला सुनावणीत इतरांच्या आधी मान आहे, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी त्याचे हातही बांधले आहेत. वकीलपत्र दाखल करता येत नाही. पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही. दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), प्रतिज्ञापत्र, खरेदीखत यांचे मसुदे करायला घेता येत नाहीत, दुसऱ्या वकिलाने केलेला मसुदा त्याच्याशी बोलून सुधारून देता येतो. उभं राहायचं तर सोबत दुसरा वकील हवा, सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे तिथे वकीलपत्र दाखल करू शकणारा नोंदणीकृत वकील. मुंबईत ब्रीफ देणारे, म्हणजे सीनियरला काम सोपवणारे, वकील आहेत. तालुक्याच्या गावी पक्षकार सकाळी थेट तुमच्या ओट्यावर येऊन बसतो, त्याला ‘आधी दुसरा वकील लाव’ म्हणून सांगावं लागेल. हातातल्या सगळ्या प्रकरणांत वकीलपत्र दुसऱ्याच्या नावे करावं लागेल, त्यासाठी प्रत्येक पक्षकाराची सही लागेल. ती यादी आजच काढून पाहा. दोनशे प्रकरणं असतील आणि ज्युनियर एकच असेल, तर आधी ज्युनियर वाढवा, अर्ज पुढच्या वर्षी करा.