घाटात गाडी लागते का? मग रोलर कोस्टर नको

सुट्टीला पुण्याहून आलेला भाचा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा चष्मा, घेऊन येतो आणि साताऱ्याच्या मावशीला पहिल्यांदा लावून देतो तो रोलर कोस्टर. "मावशी, भारी आहे, बघच!" दोन मिनिटांत मावशीला दरदरून घाम फुटतो, मळमळायला लागतं. घरातले म्हणतात, डोळ्यांना सोसलं नाही. खरा गुंता मात्र कानापाशी आहे.

आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव असतो. पाण्यानं भरलेलं पातेलं गर्रकन फिरवलं तर पातेलं फिरतं, पाणी मागे राहतं. डोकं वळवलं की इथंही तेच होतं. मागे राहिलेला द्रव नलिकेतल्या मऊसर पडद्याला रेटतो, पडद्याखालच्या पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. पुढे-मागे किंवा वर-खाली बसणारा हिसका ते टिपतात. गंमत अशी की ही सगळी यंत्रणा वेग मोजतच नाही, वेगातला बदल मोजते. शाळेत शिकलेलं त्वरण ते हेच. म्हणून सरळ रस्त्यावर एका वेगानं चाललेल्या गाडीत कान गप्प असतो.

यवतेश्वरच्या घाटातून कासला जाताना मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं, की कान सांगतो 'वळतोय' आणि डोळे सांगतात 'स्थिर आहे'. हेडसेटमध्ये याच्या बरोबर उलट: डोळ्यांपुढे दरी कोसळते आणि कान म्हणतो, आपण तर सोफ्यावर बसलोय. दोन्हीकडे मळमळ तीच. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते त्यांना गाडी लागत नाही, यापेक्षा बोलका पुरावा कुठला? अशा विसंगतीत पोट का ढवळावं? शरीराला विषबाधेची शंका येत असावी, अशी कल्पना मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्रीसमन यांनी 1977 मध्ये मांडली. ती अजून सिद्ध झालेली नाही. एसटीत सीटवर वर्तमानपत्र टाकून बसलं की उलटी होत नाही, हा उपाय मात्र निव्वळ समजूत आहे. कागदाचा कानातल्या द्रवाशी काहीही संबंध नाही.

दुसरी अडचण उशिराची. डोकं वळताच डोळे साधारण 10 मिलिसेकंदांत उलट दिशेला फिरून नजर स्थिर ठेवतात. हेडसेटमधलं दृश्य 20 मिलिसेकंदांच्या आत बदललं पाहिजे, असं म्हणतात ते त्यामुळेच. मोबाइल अडकवायचे स्वस्त खोके फक्त डोक्याचं वळणं ओळखतात. तुम्ही पुढे वाकलात तरी दृश्य जवळ येत नाही. 'आधी दोन-पाचशेच्या खोक्यात बघ, आवडलं तर मोठा घे' हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. त्यानं माणूस व्हीआरलाच कंटाळतो.

तेव्हा कुणाला गेम सुचवताना पहिला प्रश्न विचारा: घाटात गाडी लागते का? उत्तर 'हो' असेल तर 2018 मध्ये आलेला 'बीट सेबर' द्या. त्यात खेळणारा जागेवर उभा असतो, ठोकळे त्याच्याकडे येतात. चालण्या-फिरण्याचा गेमच हवा असेल तर सेटिंगमध्ये टेलिपोर्ट (थेट दुसऱ्या जागी पोचणं) आणि स्नॅप टर्न (झटक्यात ठरावीक कोनात वळणं) निवडा. दृश्य सरकण्याऐवजी एकदम बदलतं, त्यामुळे हालचालीचा खोटा भास कमी होतो. 'मळमळलं तरी रेटून खेळ, सवय होईल' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सवय होते ती थोडं थोडं खेळून. पोटात पहिल्यांदा ढवळलं की हेडसेट लगेच काढायचा, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत यवतेश्वरचा घाट चढायचा नाही.