किशोरवयातील समाजविघातक वर्तन : जनुके आणि सामाजिक ताण

मारामारी, चोरी, दमदाटी, मोडतोड अशा वागण्यातून दुसऱ्याचे हक्क वारंवार तुडवले जातात, तेव्हा मानसशास्त्रात त्याला समाजविघातक वर्तन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये त्याचे दोन प्रवाह वेगळे केले. पहिला बालपणीच सुरू होतो आणि पुढेही टिकतो. दुसरा किशोरवयात येतो आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या वयाबरोबर ओसरतो. जनुके आणि ताण यांची गुंतागुंत पहिल्या प्रवाहात अधिक दिसते.

आनुवंशिकतेचा वाटा जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून काढला जातो. २००२ मध्ये अशा ५१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. व्यक्ती-व्यक्तींमधल्या फरकांपैकी सुमारे ४१ टक्के जनुकांशी, १६ टक्के भावंडांना सामाईक असलेल्या परिस्थितीशी आणि ४३ टक्के प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांशी जोडता आले. हे आकडे लोकसमूहातील फरकांचे आहेत. एखाद्या मुलाचे वागणे ४१ टक्के ‘रक्तातून’ आले, असा अर्थ त्यातून काढणे साफ चूक आहे आणि ही चूक फार होते.

सर्वाधिक चर्चा झाली ती मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाची. सेरोटोनिन, डोपामाइन, नॉरअॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांचा निचरा हे विकर करते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांकडे त्याची एकच प्रत असते. १९९३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हान ब्रुनर यांनी एका डच कुटुंबाची नोंद केली. त्यातील काही पुरुषांमध्ये हे जनुक पूर्ण निकामी होते. त्यांच्यात सौम्य बौद्धिक अक्षमता आणि अनावर आक्रमकता दिसली. असा दोष अत्यंत विरळा. जनुकाची मंद (विकर कमी बनवणारी) आणि जलद (जास्त बनवणारी) रूपे मात्र सर्वत्र आढळतात.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा आजही घेतला जातो. त्यांतील मुलग्यांची माहिती तपासून अवशालोम कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. मंद रूप आणि बालपणीचा छळ दोन्ही वाट्याला आलेले मुलगे १२ टक्केच होते, पण हिंसक गुन्ह्यांतील ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. छळ न झालेल्या मुलग्यांमध्ये मंद रूपामुळे धोका वाढलेला दिसला नाही. माझ्या मते या अभ्यासाचे खरे महत्त्व या शेवटच्या निष्कर्षात आहे.

पुढे काही अभ्यासांत हा निष्कर्ष पुन्हा मिळाला, काहींत नाही. २०१४ मध्ये २७ अभ्यास एकत्र पाहिल्यावर मुलग्यांबाबत तो टिकला, मुलींबाबत चित्र धूसर राहिले. मुळात अशा वर्तनामागे एकच जनुक नसते. अतिशय छोटा परिणाम करणारे असंख्य जनुकीय फरक मिळून कल ठरतो. त्यामुळे मंद रूपाला मिळालेले ‘योद्धा जनुक’ हे वृत्तपत्री नाव अशास्त्रीय तर आहेच, शिवाय घातकही. २००६ मध्ये ते न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी माओरी समाजाला चिकटवले गेले आणि एका अख्ख्या समाजावर हिंसेचा शिक्का बसू लागला.

ताण अंगात कसा भिनतो? घरातली मारझोड, गरिबी, हेटाळणी रोजची झाली की कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाची घडी विस्कटते आणि मेंदू सतत धोक्याचा वास घेऊ लागतो. खेळताना चेंडू पाठीवर आदळला, तर एक मूल वळून पाहते, ‘चुकून लागला’ म्हणते आणि खेळत राहते. सतत मार खाल्लेल्या मुलाला त्याच क्षणी ‘मुद्दाम मारला’ असे वाटू शकते. कोणी काही बोलण्याआधीच त्याची मूठ वळलेली असते. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले, की लहानपणी शारीरिक छळ सोसलेली मुले इतरांच्या कृतीत वैरभाव अधिक शोधतात आणि पुढे अधिक आक्रमक होतात.

जनुके आणि परिस्थिती एकमेकींपासून सुट्याही नसतात. आईवडील जनुके देतात आणि घरही तेच देतात. शिवाय उपजत चिडक्या मुलावर मोठी माणसे जास्त डाफरतात, त्याने ते आणखी बिथरते. दत्तक कुटुंबांतही हे चक्र आढळले आहे, म्हणजे मुलाचा स्वभावही घराचे वातावरण घडवतो.

ताण उतरवला तर काय होते, याची संधी अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन भागात चालून आली. तिथे १९९० च्या दशकात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या मालकीचा कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक सभासदाला मिळू लागला. मुलांचा अभ्यास आधीपासूनच चालू होता. गरिबीतून बाहेर पडलेल्या घरांतील मुलांची वर्तनसमस्यांची लक्षणे कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आली. चिंता आणि नैराश्यावर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. या मुलांची जनुके तर तीच होती.

जे मूल वाईट परिस्थितीत लवकर मोडते, तेच चांगल्या परिस्थितीत अधिक बहरते, हा विचार मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी मांडला. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी हट्टी, आक्रमक अशा एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन आई आणि मुलाचे चित्रण केले. मग तेच चित्रण आईला दाखवत, मुलाचे इशारे कसे ओळखावेत आणि न मारता शिस्त कशी लावावी, हे समजावले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आक्रमकता सर्वाधिक घटली ती डोपामाइनचा संदेश पकडणाऱ्या डी-४ ग्राहीच्या जनुकाचे ‘जोखमीचे’ मानले गेलेले लांब रूप असलेल्या मुलांची, आणि त्यांतही ज्यांच्या आयांची शिस्त लावण्याची पद्धत सर्वाधिक बदलली होती, त्यांची.