केबिनच्या बाथरूममध्ये वास येत असेल तर
(क्रूझला निघणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी)

जहाज सुटलं की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर आधी बाल्कनीतले फोटो येतात. मग कुणाचा तरी मेसेज येतो : "बाथरूमला गटारासारखा वास येतोय, काहीतरी करा." डोंबिवलीत बसून आम्हाला जहाजावरचा प्लंबर पाठवता येत नाही. पण हा वास कुठून येतो आणि तो घालवायला कुणाला काय सांगायचं, एवढं माहीत असलं तर बहुतेक वेळा आमची गरजच पडत नाही. म्हणून तिकिटांसोबत हा कागद. केबिनमध्ये शिरण्याआधी एकदा वाचा.

वास कमोडचा नसतो, जाळीचा असतो

पहिला संशय नेहमी कमोडवर जातो. जहाजावरचं कमोड व्हॅक्यूमचं असतं. बटण दाबलं की मोठा आवाज होतो आणि सगळं हवेच्या ओढीने पाइपात खेचलं जातं. घरच्या फ्लशला सहा ते दहा लिटर पाणी लागतं, इथे एक-दीड लिटरात काम होतं. भांड्यातली हवाही सोबत ओढली जाते, त्यामुळे नीट चालणारं व्हॅक्यूम कमोड सहसा वास सोडत नाही. भांड्यात पाणी कमी असल्याने डाग मात्र राहतात, त्यासाठी ब्रश ठेवलेला असतो. झाकण लावूनच बटण दाबा.

खरा गुन्हेगार खाली असतो. शॉवरची जाळी, आणि बऱ्याच केबिनमध्ये कमोडजवळ किंवा बेसिनखाली असलेली दुसरी छोटी जाळी. आपल्याकडचे प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तसाच ट्रॅप या जाळीखाली असतो. त्यात चार बोटं पाणी साचून राहतं आणि तेच पाणी पाइपातली हवा अडवून धरतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बंद फ्लॅट उघडल्यावर मोरीतून जो भपकारा येतो, तो हे पाणी आटल्यामुळे. जहाजावर ते आटायला आणखी दोन कारणं मिळतात. एसीची हवा कोरडी असते आणि वापरात नसलेल्या जाळीतलं पाणी हळूहळू उडून जातं. शिवाय समुद्र खवळला की जहाज डोलतं आणि ट्रॅपमधलं पाणी हिंदकळून पुढच्या पाइपात निघून जातं.

यात गंमत म्हणजे वास बाहेर काढायला बसवलेला पंखाच तो आत आणतो. केबिनच्या बाथरूममधला एक्झॉस्ट सतत चालू असतो आणि दाराखालच्या फटीतून केबिनची हवा ओढत असतो. ट्रॅप कोरडा असला की तो पाइपातली हवाही ओढायला लागतो. साबण, केस आणि अंगावरचा मळ साचून पाइपाच्या आत जो बुळबुळीत थर बसतो, त्यातले जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. आपलं नाक या वायूच्या बाबतीत फार तिखट आहे, अगदी नगण्य प्रमाणातही ते तो ओळखतं. त्यामुळे थोडा वास आला म्हणून घाबरू नका. डोळे चुरचुरायला लागले किंवा डोकं दुखायला लागलं तर मात्र केबिनमधून बाहेर पडा आणि लगेच कळवा. प्रमाण फार वाढलं तर नाकाला हा वास जाणवेनासा होतो, म्हणून "आता येत नाहीये" एवढ्यावर जाऊ नका.

आधी एक ग्लास पाणी

केबिन हातात आली की सामान उघडण्याआधी प्रत्येक जाळीत एक-एक ग्लास साधं पाणी सावकाश ओता. कमोडजवळची जाळी विसरू नका, तिच्यात एरवी कुणीच पाणी टाकत नाही. बाथरूमचं दार लावून तासाभराने पुन्हा बघा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. मोठ्या सफरीत दर दोन दिवसांनी आणि समुद्र खवळलेल्या रात्रीनंतर हेच पुन्हा करा.

जाळी उचलून आतली वाटी मात्र काढू नका. कित्येक ट्रॅपमध्ये तीच वाटी पाणी अडवून धरते, ती तिरकी बसली की पाणी असूनही वास येतो. साफसफाईनंतर अचानक वास सुरू झाला असेल तर हेच कारण असू शकतं.

पाणी ओतूनही वास परत आला तर काम प्लंबरचं आहे. केबिन स्टुअर्डला, म्हणजे तुमची केबिन आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा आणि गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर नोंदही करा, नुसतं स्टुअर्डला सांगून थांबू नका. "बाथरूम स्मेल" एवढंच म्हटलंत तर येऊन सुगंधी फवारा मारून जातील. म्हणायचं असं : "बॅड स्मेल फ्रॉम द शॉवर ड्रेन. प्लीज सेंड द प्लंबर." इंग्रजीची अडचण वाटत असेल तर मोबाइलवर हे वाक्य लिहून दाखवा. जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची बरीच मुलं कामाला असतात. छातीवरच्या नावाच्या पट्टीवर बऱ्याच जहाजांत देशही लिहिलेला असतो. तो बघून मराठी-कोंकणीत विचारायला हरकत नाही.

जे करायचं नाही

अगरबत्ती, धूप, कापूर, मेणबत्ती अजिबात नाही. समुद्रावर आगीइतकी दुसरी भीती नसते, या वस्तू सामानातूनच काढून घेतात. देवाची पूजा करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ प्रवाशांना ही विनंती आम्ही हात जोडून करतो.

घरच्यासारखं जाळीत फिनेल, ॲसिड किंवा ब्लीचही ओतू नका. पाइपाचं नुकसान तर होतंच, शिवाय आधुनिक जहाजांवर सांडपाणी शुद्ध करायचं काम जिवंत जंतू करतात, ते या औषधांनी मरतात. डांबराच्या गोळ्यांनी वास जात नाही, गटाराच्या वासात डांबराचा वास मिसळतो इतकंच.

कमोडमध्ये टॉयलेट पेपर सोडून काहीही टाकायचं नाही. वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर, कानकाड्या, उरलेलं अन्न यांपैकी काहीच नाही. एका पाइपावर अनेक केबिन जोडलेल्या असतात. तुमच्या डायपरने शेजारच्या चार घरांचा फ्लश बंद पडतो, आणि त्यांच्या डायपरने तुमचा. फ्लश चालला नाही तर बटण दाबत राहू नका. थोडा वेळ थांबा, मग कळवा. विदेशी जहाजांवर जेट स्प्रे बहुधा नसतो. बाटली किंवा मग वापरणार असाल तर पाणी गालिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. भिजलेल्या गालिच्याचा कुबट वास कोणत्याही ट्रॅपच्या दुरुस्तीने जात नाही. पोहण्याचे ओले कपडे बंद बाथरूममध्ये कोंबून ठेवले तरी तसंच होतं.

बंदरात असताना वास जास्त का येतो, असंही विचारतात. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपेक्षा जास्त लांब गेल्यावरच, तेही जहाज चालतं असताना सोडता येतो, असा मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. तोवर तो टाक्यांत असतो आणि टाक्यांना हवा जायला वाट ठेवावी लागते. वारा उलटा असला तर डेकवर वास जाणवतो. तो तुमच्या केबिनचा दोष नाही. क्लोरीनचा हलका वास येणं हा तर दोषच नाही, पाणी निर्जंतुक केल्याची ती खूण आहे.

वीजच गेली तर? व्हॅक्यूम विजेवर चालतं. फेब्रुवारी 2013 मध्ये मेक्सिकोच्या आखातात कार्निव्हल ट्रायम्फ या जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली, वीज गेली आणि चार हजारांहून जास्त माणसं बंद पडलेल्या शौचालयांसह कित्येक दिवस समुद्रात अडकली. शेवटी जहाज ओढत अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबाइल नावाच्या बंदरात आणावं लागलं. असं क्वचित घडतं, पण त्याच्या भीतीने बुकिंग रद्द करणारे भेटतात म्हणून इथे लिहिलं.

आमच्या हातात काय आहे

बुकिंगच्या वेळी गॅरंटी केबिन घेतलीत तर पैसे वाचतात, पण कोणती केबिन द्यायची ते कंपनी ठरवते. वासाचा त्रास होणारं किंवा दम्याचं कुणी बरोबर असेल तर नंबर निवडून घेता येणारी केबिन घ्या. अमुक मजल्यावर वास येतच नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आम्हीही तसं सांगणार नाही.

केबिन बदलून देणं पूर्णपणे जहाजावरच्या लोकांच्या हातात असतं आणि त्यासाठी रिकामी केबिन असावी लागते. म्हणून तक्रार पहिल्याच दिवशी करा. वेळ, कुणाशी बोललात त्याचं नाव आणि मिळालं तर तक्रारीचा नंबर आम्हाला पाठवा. परत आल्यावर केलेल्या तक्रारीवर कंपन्या सहसा माफीचं पत्र देतात, पैसे नाही. जहाजावर असतानाच भरपाई म्हणून ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्च करायची रक्कम मिळालं तर ते बहुतेक वेळा रोख मिळत नाही. शेवटच्या संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या आत वापरून टाका.