राणी दिसेना म्हणून उठलेली बोंब, आणि मग १८७६ चा मुकुट

व्हिक्टोरियाच्या आधीचे राजे व्यंगचित्रकारांनी जे सोलून काढलेत ना, त्यापुढे तिच्या वाट्याला आलं ते म्हणजे किस झाड की पत्ती. चौथा जॉर्ज इतका वैतागला होता की १८२० मध्ये एका नावाजलेल्या चित्रकाराला १०० पौंड देऊन महाराजांना अनैतिक अवस्थेत दाखवणार नाही असं लिहून घेतलं होतं. असो, तो जमाना वेगळा.

इथली भानगड सुरू होते १८६१ च्या डिसेंबरात, नवरा गेल्यावर. राणी जी घरात बसली ती बाहेर यायचं नावच घेईना, १८६६ पर्यंत पार्लमेंट उघडायलाही गेली नाही, आणि लोकांना वाटायला लागलं की मग हिला पोसतोय कशाला. १८६४ मध्ये कुणीतरी राजवाड्याच्या रेलिंगवर पाटीच लावली, आधीच्या मालकाचा धंदा बसल्यामुळे ही जागा भाड्याने किंवा विकत देणे आहे. 'पंच' या लंडनच्या व्यंगचित्र साप्ताहिकाने १८६५ मध्ये तिला शेक्सपिअरच्या नाटकातल्या पुतळा झालेल्या राणीसारखं दाखवलं, समोर ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातला ब्रिटन देश, उभी, म्हणतेय आता उतर खाली, दगड होऊन राहू नकोस. हे जरा सौम्यच. दुसऱ्या एका साप्ताहिकाने १८६७ मध्ये जे छापलं ते मात्र बोचरं होतं: सिंहासन रिकामं, त्याला टेकून राणीचा लाडका स्कॉटिश नोकर जॉन ब्राऊन पाइप घेऊन आरामात उभा आणि ब्रिटनचा सिंह त्याच्याकडे बघतोय. राणी त्याच्या आहारी गेलीय असं सुचवायचंय, ते कुणालाही कळत होतं.

१८७०-७१ ला फ्रान्समध्ये प्रजासत्ताक आलं, इकडेही राजेशाही नको म्हणणारे क्लब गावोगाव निघाले, वर्षाला ३,८५,००० पौंड घेते त्याचं करते काय असं विचारणारी पत्रिका निघाली. एका तरुण खासदाराने तर भर सभेत राजेशाहीचा खर्चच काढला. आणि १८७१ च्या डिसेंबरात युवराज टायफॉइडने मरता मरता वाचला, लोकांना कळवळा आला, आणि विरोधाची सगळी हवाच गेली. मार्च १८७२ मध्ये त्या खासदाराच्या, राणीच्या खर्चाची चौकशी मागणाऱ्या ठरावाला मतं किती, तर २. विरोधात २७६. माझ्या मते यावरूनच कळतं की लोकांचा राग राणीवर होता तो कामावर न येणाऱ्या माणसावर असतो तसा, गादी नको असं म्हणणारे थोडेच.

आता १८७६ चं प्रकरण, ज्यावर अजून वाद घालतात लोक. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी व्हायचं होतं, पंतप्रधान डिझरायलीने बिल आणलं, विरोधकांना विश्वासात न घेता, आणि युवराज, जो तेव्हा आपल्याकडेच दौऱ्यावर होता, नोव्हेंबर १८७५ ला मुंबईत उतरलेला, त्याला ही बातमी पेपरातून कळली म्हणून तोही भडकला. आक्षेप काय, तर सम्राट वगैरे पदव्या म्हणजे परदेशी थेर, आणि १८७० ला फ्रान्सच्या सम्राटाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच होतं. सरकारने सांगितलं की इंग्लंडात ही पदवी वापरायची नाही. एप्रिलमध्ये 'पंच'ने पंतप्रधानाला अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला जादूगार केला, जुन्या दिव्याच्या बदल्यात नवा दिवा देणारा, फक्त इथे दिव्याच्या जागी मुकुट. आता हे चित्र राजेशाहीविरोधी म्हणून दाखवतात, पण नीट बघा, टीका कुणावर आहे? राणी भोळी, तिचा जुना मुकुट अस्सल आणि फसवणारा तो पंतप्रधान, पौर्वात्य कपड्यातला, ज्यू असल्याचं नाकडोळ्यांतून ठसवलेला. म्हणजे राणीला वाचवून सगळा चिखल त्याच्यावर. हा वंशद्वेष कौतुक करणारे लोक सोयीने विसरतात, मला तरी ते खटकतं.

बिल एप्रिलअखेर पास झालं. आणि इंग्लंडात वापरायची नाही म्हणालेली पदवी राणी लवकरच सहीत लावायला लागली. ऑगस्टमध्ये पंतप्रधानालाही अर्लकी, म्हणजे सरदारकी, मिळाली, त्यावर 'पंच'ने फिट्टंफाट म्हणून आणखी एक चित्र काढलं.

आपल्याकडे १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला, राणी स्वतः न येता, आणि तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. पुण्याचे एक वकील तिथे हातच्या सुताचे साधे कपडे घालून हजर राहिले, अर्ज-विनंत्या घेऊन. लंडनमध्ये त्यानंतर व्यंगचित्रं आणखी गोड झाली, १८८७ च्या ज्युबिलीपर्यंत राणी म्हणजे जगाची आजी, साबणाच्या जाहिरातीतसुद्धा. पण १८९६ मध्ये मुंबईतल्या तिच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली, आणि पुढच्याच वर्षी, हीरक महोत्सवाच्याच रात्री, पुण्यात प्लेगच्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.