एमएस्सी गणितासाठी जॅम : अर्ज कसा करायचा, कोण पात्र आणि कागदपत्रं कोणती

टीवायला ग्रुप थिअरी शिकवताना दरवर्षी दोन-तीन मुलं अशी निघतातच. लॅग्रांजचा सिद्धांत (सबग्रुपचा आकार ग्रुपच्या आकाराला नेहमी निःशेष भागतो) फळ्यावर पूर्ण झाला, तास संपला, की टेबलाजवळ येऊन विचारतात, "सर, उलटंही खरं असतं का? ग्रुपच्या आकाराला निःशेष भागणारी संख्या घेतली, तर तेवढ्या आकाराचा सबग्रुप मिळतोच का?" नाही मिळत. ए-४ या ग्रुपमध्ये १२ घटक आहेत, पण ६ घटकांचा सबग्रुप त्यात नाही. हे ऐकून ज्यांचे डोळे चमकतात, त्यांनी बीजगणित पुढे नीट शिकावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीची एक मोठी वाट म्हणजे जॅम, अर्थात जॉइंट ॲडमिशन टेस्ट फॉर मास्टर्स ही प्रवेश परीक्षा. आयआयटींमधल्या एमएस्सीच्या जागा मुख्यतः याच परीक्षेतून भरतात.

पात्रता सोपी आहे. पदवी झालेली असावी किंवा तुम्ही शेवटच्या वर्षात असावं. वयाची अट नाही. परीक्षेला बसायला किमान टक्केवारीही लागत नाही, म्हणून एसवायला एखादा विषय राहिला होता या भीतीनं अर्जच न भरणं चुकीचं आहे. प्रवेशाच्या वेळी मात्र प्रत्येक अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या अटी असतात. पदवीला गणित किती सत्रं होतं, हे तिथं पाहिलं जातं. बीएस्सीला गणित दुय्यम विषय असेल, तर अर्ज भरण्याआधीच माहितीपत्रकातला पात्रतेचा तक्ता ओळ न ओळ वाचा.

अर्ज ऑनलाइन असतो, जोॲप्स या पोर्टलवर. साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला खिडकी उघडते आणि ऑक्टोबरमध्ये बंद होते. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. आयोजनाची जबाबदारी आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएस्सी आळीपाळीनं घेतात. २०२६ ची परीक्षा १५ फेब्रुवारीला होती आणि ती आयआयटी मुंबईकडे होती. २०२५ ला एका पेपरची फी १८०० रुपये होती, तर मुली, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना ९०० रुपये. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलांना फीत सवलत नाही, हे बऱ्याच घरांत ऐनवेळी कळतं. पैशांची सोय आधीच करून ठेवा.

अर्जासोबत फोटो, सही आणि सवलत घेत असाल तर त्या प्रवर्गाचा दाखला लागतो. नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा, कधी स्पेलिंगही वेगळं. परीक्षा केंद्रावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलंच पाहिजे. आधार दुरुस्त करायचं असेल तर ते काम ऑगस्टमध्येच उरका.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. राज्याचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर हे सगळ्यांकडे असतं. पण आयआयटी केंद्रीय संस्था आहे, तिथं केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल (ओबीसी नॉन-क्रिमिलेअर) दाखला लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीला जागा मिळाली होती. पडताळणीत तिचा दाखला राज्याच्या नमुन्यातला निघाला आणि चार दिवसांत नवा आणा, असा निरोप आला. वडील शेतातलं काम टाकून तहसील आणि प्रांत कार्यालयात हेलपाटे घालत राहिले. दाखला मिळाला, पण ते चार दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

केंद्रात व्हीजे, एनटी, एसबीसी असे प्रवर्ग नाहीत. यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात त्या यादीत आहे का, हे स्वतः तपासा. एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे. त्या विद्यार्थ्यांनी उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास केंद्रीय नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा. दाखला किती तारखेनंतरचा हवा, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. जुना दाखला चालत नाही.

पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात एकच पर्याय बरोबर असतो आणि चुकलं तर गुण कापले जातात : एका गुणाच्या प्रश्नाला एक-तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश. दुसऱ्या भागात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिसऱ्यात उत्तराची संख्या टाइप करायची. या दोन भागांत गुण कापत नाहीत, म्हणून तिथं कोरं सोडू नका.

निकालानंतर प्रवेशासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. नुसता जॅमचा निकाल हातात घेऊन बसलेल्याला जागा मिळत नाही. त्या अर्जात अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम द्यायचा. फेरीत जागा आली की ती पक्की करायची, किंवा ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहायची, किंवा नाकारून बाहेर पडायचं. मुदतीत काहीच उत्तर दिलं नाही तर जागा जाते. शेतीच्या कामांच्या धांदलीत मेल पाहायचा राहिला, असं होऊ देऊ नका. पदवीचा अंतिम निकाल उशिरा लागत असेल, तर तो जमा करण्याची मुदत लक्षात ठेवा आणि कॉलेजकडून तसं पत्र घेऊन ठेवा. एनआयटींसाठी सीसीएमएन ही एमएस्सी प्रवेशाची वेगळी केंद्रीय नोंदणी आहे. नागपूरचं व्हीएनआयटी त्यात येतं.

अभ्यासाबद्दल एकच सांगतो. जॅमच्या अभ्यासक्रमात बीजगणित म्हणजे रेषीय बीजगणित आणि ग्रुप्स. क्वोशंट ग्रुप आणि होमोमॉर्फिझमपर्यंत येऊन ते थांबतं. तिथला प्रश्न असा असू शकतो : एस-४ मध्ये, म्हणजे चार चिन्हांच्या सगळ्या अदलाबदलींच्या ग्रुपमध्ये, ऑर्डर २ चे (एककाखेरीज, दोनदा केले की मूळ मांडणी परत येते असे) घटक किती? दोन चिन्हांची अदलाबदल करणारे सहा, अशा दोन अदलाबदली एकदम करणारे तीन, एकूण नऊ. एमएस्सीच्या पहिल्याच सत्रात मात्र सिद्धता मागतात : ऑर्डर १५ चा, म्हणजे १५ घटकांचा, प्रत्येक ग्रुप चक्रीय (एकाच घटकापासून तयार होणारा) असतो, हे दाखवा. सिलोच्या सिद्धांतांनुसार ऑर्डर ३ चा आणि ऑर्डर ५ चा सबग्रुप प्रत्येकी एकच निघतो. दोन्ही नॉर्मल, दोघांत समान फक्त एकक, आणि तिथून उत्तर उलगडतं. पाठोपाठ रिंग्ज, मॉड्यूल्स आणि पुढे गॅल्वा थिअरी येते. म्हणून परीक्षा झाली की फेब्रुवारी ते जुलैचा काळ रिंग्जना द्या, रोज एक सिद्धता वहीत पूर्ण वाक्यांत लिहून. एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षणालाही अर्ज करा. १९९३ पासून चालत आलेल्या या शिबिरांत मुलांना स्वतः विचार करायला लावतात. त्यासाठी शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते मागायला लाजू नका. तुम्ही टेबलाजवळ येऊन विचारलेला प्रश्न तुमच्या शिक्षकांच्या लक्षात असतो.