मानवी विकासाच्या अवस्था

जन्मापासून प्रौढत्वापर्यंत माणसाचे शरीर, हालचाली, भाषा, विचार आणि नातेसंबंध यांत क्रमाने होणाऱ्या बदलांचे वयानुसार पाडलेले टप्पे. जन्मानंतरचे २८ दिवस नवजातावस्था, दोन वर्षांपर्यंत शैशव, सहापर्यंत पूर्वबाल्य, दहापर्यंत उत्तरबाल्य, १० ते १९ पौगंडावस्था आणि पुढे प्रौढावस्था अशी विभागणी आज रूढ आहे. यातील क्रम बराच पक्का असतो. वयाच्या सीमा मात्र सोयीसाठी मानलेल्या आहेत. त्या कोण कशासाठी आखतो यावर त्यांचे आकडे ठरतात.

भारतीय वैद्यकातील वयोविभाग हे याचे चांगले उदाहरण आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १६ वर्षांखालील सर्व ‘बाल’ मानले असून त्यांचे तीन भाग केले आहेत: एका वर्षापर्यंत केवळ दुधावर असणारा क्षीरप, दोन वर्षांपर्यंत दूध व अन्न दोन्ही घेणारा क्षीरान्नाद आणि त्यापुढचा अन्नाद. १६ ते ७० हे मध्यम वय. त्यात विसाव्या वर्षापर्यंत वृद्धी, तिसापर्यंत यौवन, चाळिसापर्यंत संपूर्णता आणि त्यानंतर हळूहळू हानी. चरकसंहितेच्या विमानस्थानात बाल्य तिसाव्या वर्षापर्यंत जाते, पण सोळापर्यंत धातू (रस, रक्त, मांस इत्यादी शरीरघटक) अपक्व आणि पुढे तिसापर्यंत ते वाढत असतात असा पोटभेद केला आहे. मध्यम वय तेथे साठीला संपते. दोन्ही संहितांच्या काळाविषयी मतभेद आहेत. सुश्रुताचा मूळ थर काही अभ्यासक इसवी सनापूर्वी बराच मागे नेतात. मात्र आज उपलब्ध असलेली संहिता नंतरच्या संस्करणांतून आलेली आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नंतरचा संस्कर्ता दृढबल याने चरकसंहितेत भर घातली ती चिकित्सास्थानाचा काही भाग, कल्पस्थान आणि सिद्धिस्थान यांत. त्यामुळे विमानस्थानातील वयोविभाग त्याच्या आधीचा मानता येतो.

दोन्ही संहितांत सोळाव्या वर्षाची रेषा आहे, तरी ‘बाल’ हा शब्द वेगवेगळ्या ठिकाणी थांबतो. हा विरोध मिटवण्याचे भाष्यकारांचे प्रयत्न फारसे आवश्यक वाटत नाहीत. सुश्रुताने विभागणीचा हेतू तेथेच सांगितला आहे: वय चढेल तशी औषधाची मात्रा वाढवावी आणि हानीचा काळ लागला की ती पुन्हा बाल्याप्रमाणे ठेवावी. म्हणजे ही मात्रा ठरवण्याची व्यवस्था होती. तिचा पहिला भाग आहारावर उभा असल्याने तो आजही उपयोगी पडतो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध, मग वरचे अन्न आणि निदान दोन वर्षांपर्यंत स्तनपान ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. महाराष्ट्रातील उष्टावणाचा प्रघातही साधारण याच वयाचा.

शैशवात वाढीचा वेग सर्वाधिक असतो. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः सुमारे ५० सेंमी. लांब असते, वर्षअखेर ते ७५ आणि चौथ्या वर्षी सुमारे १०० सेंमी. होते. पहिल्या काही दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि दोन आठवड्यांत भरून येते. जन्माचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. पुढची टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांत भरते. मापनातील चुकांमुळे मात्र निरोगी मूलही खुरटलेले दिसू शकते. दोन वर्षांखालील मुलाला आडवे झोपवून, एकाने डोके फळीला टेकवून व दुसऱ्याने गुडघे सरळ धरून लांबी मोजायची असते. दोन वर्षांनंतर उभे करून उंची घेतात. उभ्याने घेतलेले माप आडव्यापेक्षा सुमारे ०.७ सेंमी. कमी भरते. हा फरक विसरला तर दुसऱ्या वाढदिवसानंतर मुलाची वाढ थांबल्याचा भास होतो. दुसरी चूक अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत होते. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरून, ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाच्या वयातून आठ आठवडे वजा करावे लागतात, आणि ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत चालू ठेवतात. असे बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याच्याकडून सुमारे चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची.

हालचालींचा विकास डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे जातो. मान तीन-चार महिन्यांत सावरते, मग पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे आणि चालणे. भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील बालकांच्या पाहणीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये या टप्प्यांच्या वयोमर्यादा दिल्या. आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, रांगणे ५.२ ते १३.५ महिने, एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. या मर्यादा किती रुंद आहेत हे पालकांना आवर्जून सांगायला हवे. पाहणीतील सुमारे चार टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालू लागली. म्हणून न रांगणे हा एकटा दोष धरत नाहीत. बोटांची पकड घरीही पाहता येते. सतरंजीवर चुरमुरा ठेवला तर सहा महिन्यांचे बाळ तो सगळ्या पंजाने ओढते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरते. चुरमुरा तोंडात जाऊन अडकू नये म्हणून हात जवळच ठेवावा. वर्षाच्या आत एकच हात वापरण्याची सवय दिसली, तर ते डावखुरेपण न समजता दुसऱ्या हाताची तपासणी करून घ्यावी.

भारतीय मुलांचे स्वतंत्र प्रमाणक (कोणत्या वयात काय जमावे याची मापे) बडोद्यात तयार झाले. प्रमिला फाटक यांनी त्यावरून सिद्ध केलेल्या मापनश्रेणीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. ती जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत वापरतात. विकासात मागे पडलेली मुले चटकन ओळखण्यासाठीचा त्रिवेंद्रमचा १७ बाबींचा चाळणी-तक्ता याच बडोदा प्रमाणकांवर आधारलेला आहे.

विचारांच्या विकासाचे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी केलेले चार टप्पे (वेदन-कारक, दोनपर्यंत; पूर्वक्रियात्मक, सातपर्यंत; मूर्त क्रियात्मक, अकरापर्यंत; त्यापुढे औपचारिक) शिक्षणशास्त्रात परिचित आहेत. आक्षेप मुख्यतः वयावर आहे. दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात असते हे बाळाला आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास कळू लागते, असे प्याजे मानीत. कारण तेव्हा ते झाकलेली वस्तू शोधू लागते. रने बेलार्जाँ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हात वापरण्याऐवजी बाळ किती वेळ टक लावून पाहते ते मोजले आणि पाच महिन्यांच्या बाळांतही ही जाण दिसते असा निष्कर्ष काढला. टक लावण्याचा अर्थ किती ताणावा याबद्दल वाद आहे. तरी शोधण्यासाठी हाताचे कौशल्यही लागते, आणि प्याजे यांच्या कसोटीत ते जाणिवेत मिसळले गेले, एवढे मान्य करायला हरकत नाही.

पौगंडावस्थेची शारीरिक बाजू ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांच्या पाच पायऱ्यांनी सांगितली जाते. डब्ल्यू. ए. मार्शल यांच्यासह त्यांनी १९६९ मध्ये १९२ मुलींची आणि १९७० मध्ये २२८ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले इंग्लंडमधील बालगृहांत राहणारी होती, त्यामुळे पायऱ्यांचा क्रम सर्वत्र वापरतात; वये मात्र जशीच्या तशी लावू नयेत. मुलींत स्तनांची वाढ ८ ते १३ या वयात सुरू होते, मुलांत वृषणांचे आकारमान ९ ते १४ या वयात ४ मिली. होते. मुलींची उंची सुमारे बाराव्या वर्षी सर्वाधिक वेगाने वाढते, मुलांची चौदाव्या. मुलीचा हा वेग ओसरू लागल्यावर बहुधा पहिली पाळी येते, म्हणून पाळीनंतर उंची थोडीच वाढते. पाळी सुरू झाल्यावर उंचीची चिंता घेऊन येणाऱ्या पालकांना उशीर झालेला असतो तो यामुळे. आठ वर्षांआधी मुलीत किंवा नऊ वर्षांआधी मुलात बदल दिसले, अथवा मुलीत १३ व मुलात १४ पूर्ण होऊनही दिसले नाहीत, तर तपासणी करावी. १९ ही वरची मर्यादा कमी पडते असे मानून सुझन सॉयर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १० ते २४ अशी व्याख्या सुचवली. शिक्षण आणि विवाह लांबल्याचा त्यांचा युक्तिवाद शहरी भारताला बराच लागू पडतो.

प्रौढत्व कायद्याने १८ व्या वर्षी येते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून. हाडांचा हिशेब वेगळा आहे: गळ्याखालच्या जत्रुक हाडाचे आतले टोक विशीच्या उत्तरार्धापर्यंत पूर्ण जुळत नाही. क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात सुमारे दोन वर्षे इकडेतिकडे होतात, ही मर्यादा न्यायालयेही धरतात. हाडांची घनता तिशीच्या आसपास कमाल असते. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती साधारण ४६-४७ व्या वर्षी येते, पाश्चात्त्य स्त्रियांहून काही वर्षे आधी. त्यामुळे हाडांची झीजही येथे लवकर सुरू होते.