एका मिलिमीटरात चौदाशे रेघा

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली ती नेलपॉलिशची बाटली घेऊनच. बाटलीतला रंग अगदीच राखाडी, भांडी घासायच्या तारेसारखा. पण दोन नखं रंगवून तिने हात उन्हात धरला आणि नखाच्या लांबीवर उभं इंद्रधनुष्य उमटलं. बाटलीवर ‘होलोग्राफिक’ असं छापलेलं. “मावशी, यात होलोग्राम कुठाय?” पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला असं विचारलं की पुढचा तासभर तिचाच.

होलोग्राम त्यात नाहीच. होलोग्राम म्हणजे वस्तूवरून आलेल्या प्रकाशलहरींची नोंद. उजेड किती आला एवढीच नव्हे, तर लहर चढावर होती की उतारावर हीसुद्धा. म्हणून त्यात खोली दिसते. डेनिस गॅबर यांना ही कल्पना १९४७ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी १९७१ मध्ये नोबेल मिळालं. बाटलीत अशी कसलीच नोंद नाही. आहेत ते अ‍ॅल्युमिनियमचे कपटे. रेघा उठवलेल्या प्लास्टिक फिल्मवर निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवायची, थर सोलायचा आणि त्याचा चुरा करायचा. एकेक कपटा केसाच्या जाडीपेक्षाही लहान, आणि तरी त्याच्या अंगावर मिलिमीटरला चौदाशेच्या घरात समांतर रेघा. (सप्तरंगी चकाकी दिसली की माणसं भुलतात. मोबाइलचं ‘रेडिएशन शोषणारे’ चकचकीत स्टिकर त्याच भुलीवर विकले जातात. त्यांच्याकडून रेडिएशन शोषलं जात नाही, पैसे मात्र जातात.)

आता माझा आवडता भाग. चौदाशे रेघा म्हणजे दोन रेघांतलं अंतर सुमारे ७१४ नॅनोमीटर. जांभळ्या प्रकाशाची लहर ४०० नॅनोमीटर लांब, लाल प्रकाशाची ७००. म्हणजे रेघा आणि लहरी एकाच मापाच्या. मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून नखाकडे बघा. कपटा तिरका असेल तर शेजारच्या रेघेपर्यंत जाऊन परतायला प्रकाशाला थोडं जास्त अंतर पडतं. हे जास्तीचं अंतर बरोबर एक लहर भरलं की दोन्ही रेघांवरच्या लहरी पावलाला पाऊल जुळवून परत येतात आणि तो रंग झळकतो. बाकीच्या प्रत्येक रंगाच्या लहरी आपापसातच एकमेकींना मारतात. गणित केलं तर जांभळ्यासाठी कपटा १६ अंश कललेला हवा, लालसाठी २९ अंश.

आणि नख तर कौलासारखं! आडवं गोलाकार, उभं जवळजवळ सरळ. मधोमध कल शून्य, तिथे नुसती चंदेरी चमक. कडेकडे जाताना कल वाढतो, १६ अंशांवर जांभळा सुरू होतो आणि २९ वर लाल संपतो. लांबीच्या दिशेने कल बदलत नाही, म्हणून रंगांचे पट्टे उभे. कपटे आपापल्या जागी कसेही फिरलेले असतात, पण लाखोंपैकी काहींच्या रेघा हव्या त्या दिशेला असतातच. इंद्रधनुष्याची मांडणी बाटली करत नाही, नखाचा बाक करतो. जास्तीचं अंतर एक लहर भरलं की ती पहिली फेरी, दोन लहरी भरलं की दुसरी, तीन भरलं की तिसरी. सीडीवरही असेच रंग दिसतात. पण तिच्या वाटा १६०० नॅनोमीटरवर आहेत, त्यामुळे दुसऱ्या फेरीचा लाल संपायच्या आत तिसऱ्या फेरीचा जांभळा सुरू होतो आणि रंगांची सरमिसळ होते. नखावर दुसरी फेरी ३४ अंशांनंतर, म्हणून पहिली स्वच्छ राहते. भाचीने इथे मोबाइल काढला, पण तो टॉर्चसाठी नव्हता.

ढगाळ दिवशी हेच नख फिकं दिसतं. प्रकाश सगळ्या बाजूंनी आला की प्रत्येक दिशा आपापलं इंद्रधनुष्य पाडते, आणि सगळ्यांची बेरीज पुन्हा राखाडी. थर पातळ लावा म्हणतात त्याचंही कारण आहे. द्रावक उडून जाताना थर आक्रसतो आणि कपट्यांना नखावर आडवं निजवतो. जाड थरात ते वेडेवाकडे अडकतात.

हे द्रावक म्हणजे मुख्यतः इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट. ब्युटाइल अ‍ॅसिटेटची वाफ हवेच्या चौपट जड, रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनची दुप्पट. त्यामुळे बाटलीजवळची वाफ आधी खाली उतरते, आणि खाली खुर्चीच्या पायाशी आमची मनी असते. शिवाय अंगावर जे सांडेल ते ती चाटणार. म्हणून खिडकी उघडी, मनी दुसऱ्या खोलीत. पक्ष्यांच्या बाबतीत तर आणखी जपावं. त्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास सोडतानाही, त्यामुळे विषारी वाफ झपाट्याने रक्तात उतरते. ब्रिटिश कोळसाखाणींत विषारी वायूची चाहूल आधी लागावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी. पिंजरा असलेल्या खोलीत बाटली उघडायचीच नाही.

मनीला तासाभराने आत घेतलं. भाचीने तिच्यापुढे नखं नाचवली, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मांजराला निळा-पिवळा बऱ्यापैकी कळतो, लाल जवळजवळ नाहीच. मात्र जुन्या सीडीने भिंतीवर पाडलेला कवडसा हलला तशी तिने झेप घेतली. तिला रंगाशी घेणं नाही, हालचालीशी आहे.

आणि इतकं करूनही अंगठ्याच्या ओल्या थरात तिचा एक केस चिकटलाच. भाची वैतागली. मी म्हटलं, केसाला नावं ठेवू नकोस. १७८५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउस या खगोलशास्त्रज्ञाने दोन बारीक आट्यांच्या स्क्रूंवर पन्नासेक केस शेजारी शेजारी ताणून हाताने ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी समांतर रेघांची जाळी, बनवलं होतं. त्याच्याही आधी, १६७३ मध्ये, जेम्स ग्रेगरी या स्कॉटिश गणितज्ञाने सूर्यकिरणाच्या वाटेत पक्ष्याचं पीस धरून हेच रंग पाहिले. वरच्या मजल्यावरच्या लव्हबर्ड्सचं एक पीस आमच्या गॅलरीत पडलं होतं. रात्री भाचीने ते डोळ्यासमोर धरून लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. दिव्याच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी रंगीत ठिगळं होती. पीस तिने परत दिलंच नाही.